जाहिरातदार पडताळणी : ओळखपत्रावर एक नाव, व्यवसायाच्या कागदावर दुसरे, अर्ज कसा भरावा?

पाटीपेन्सिल

सर्वांना नमस्कार. मी मुलांसाठी छापील शिक्षणसाहित्य तयार करते आणि ते माझ्या संकेतस्थळावरून विकते. व्यवसाय एकटीच्या मालकीचा आहे. कंपनी नाही, भागीदारीही नाही. मात्र त्याची रीतसर नोंदणी झालेली असून नोंदणी प्रमाणपत्रावर व्यवसायाचे नाव आणि मालक म्हणून माझे नाव, अशी दोन्ही नावे आहेत. जाहिराती एका मोठ्या ऑनलाइन प्लॅटफॉर्मवर चालतात व त्यांचे रोजचे काम बाहेरची एक एजन्सी पाहते.

काही दिवसांपूर्वी या प्लॅटफॉर्मकडून जाहिरातदार पडताळणीची सूचना आली. मी माझे ओळखपत्र आणि नोंदणी प्रमाणपत्र अपलोड केले. त्यावर एका ओळीचे उत्तर आले की, दिलेल्या कागदपत्रांवरील नाव खात्यातील नावाशी जुळत नाही. कोणते नाव कशाशी जुळत नाही, याचा त्यात उल्लेख नाही. ओळखपत्रावर माझे पूर्ण नाव तीन शब्दांत आहे, प्रमाणपत्रावर मधले नाव गाळलेले आहे, पैसे भरण्याच्या प्रोफाइलमध्ये व्यवसायाचे संक्षिप्त नाव आहे आणि संकेतस्थळ तर ब्रँडच्या वेगळ्याच नावाने चालते. यांपैकी एकही नाव खोटे नाही, तरी सगळी मिळून संशयास्पद दिसतात, हे मला समजते.

अर्ज पुन्हा भरण्यापूर्वी काही गोष्टी जाणून घ्यायच्या आहेत. मी स्वतःची नोंद व्यक्ती म्हणून करावी की संस्था म्हणून? ओळखपत्रावरचा क्रमांक झाकून पाठवला तर चालतो का? व्यवसाय घरूनच चालत असल्यामुळे घरचा पत्ता सार्वजनिक होईल का, ही चिंता सर्वांत मोठी आहे. शिवाय एजन्सीचे म्हणणे असे की सर्व कागदपत्रे त्यांना ईमेलने पाठवावीत, पुढचे ते पाहून घेतील. असे करणे योग्य आहे का?

कागदकाम

जाहिरात खात्यांची कागदपत्रे तयार करून देणे हा माझ्या नोकरीचाच भाग आहे, म्हणून नावांच्या प्रश्नाबद्दल सविस्तर लिहितो. बाकीच्या प्रश्नांची उत्तरे इथले इतर जाणकार अधिक चांगली देतील.

पडताळणी करणाऱ्याला तुमचा व्यवसाय चांगला आहे की वाईट, हे ठरवायचे नसते. जाहिरातीसोबत जे नाव लोकांना दिसणार आहे, त्या नावाची व्यक्ती किंवा संस्था कायद्याच्या दृष्टीने खरोखर अस्तित्वात आहे का आणि खाते चालवणाऱ्याला तिच्या वतीने वागण्याचा अधिकार आहे का, एवढेच त्याला पाहायचे असते. त्यामुळे अर्जातल्या प्रत्येक नावाला कोणत्या ना कोणत्या कागदाचा आधार हवा आणि दोन नावे वेगळी असतील तर ती एकाच मालकाची आहेत असे दाखवणारा एक कागद हवा. तुमच्याकडे तो कागद आहे : नोंदणी प्रमाणपत्र. व्यवसायाचे नाव आणि मालकाचे नाव एकाच सरकारी शिक्क्याखाली दाखवणारा कागद पुष्कळांकडे नसतो; मग त्यांना बँकेचे पत्र, कराची नोंद असे तुकडे जोडत बसावे लागते.

आता व्यक्ती की संस्था, याविषयी. एकल मालकीच्या व्यवसायाला मालकापासून वेगळे असे कायदेशीर अस्तित्व नसते, म्हणून काटेकोरपणे पाहिले तर व्यक्ती म्हणून नोंद करणे चुकीचे ठरत नाही. तरीसुद्धा तुमच्या बाबतीत माझा कौल संस्थेच्या बाजूने आहे, अर्थात तुमचा प्लॅटफॉर्म एकल मालकीचा व्यवसाय त्या प्रकारात स्वीकारत असेल तर. ज्या नावाने पैसे भरले जातात आणि जे नाव लोकांपुढे जावे असे तुम्हाला वाटते, ते व्यवसायाचे आहे. व्यक्ती म्हणून पडताळणी झाली, तर जाहिरातीच्या माहितीत तुमचे वैयक्तिक नाव दिसेल. ज्याच्याकडे व्यवसायाच्या नावाचा एकही अधिकृत कागद नाही, त्याने मात्र संस्थेचा पर्याय निवडण्याचा अट्टहास धरू नये, कारण तिथे त्याचा अर्ज अडणारच.

तुम्हाला आलेल्या एका ओळीच्या उत्तराचा बहुधा अर्थ असा की पेमेंट प्रोफाइलमधले संक्षिप्त नाव प्रमाणपत्रावरच्या पूर्ण नावाशी जुळले नाही. म्हणून कागद पुन्हा अपलोड करण्याच्या आधी प्रोफाइल दुरुस्त करावे. प्रमाणपत्र समोर ठेवावे आणि त्यावरचे नाव अक्षरशः जसेच्या तसे उतरवावे : त्यातले स्वल्पविराम, 'आणि'च्या जागी असलेले चिन्ह, शेवटी 'एंटरप्रायझेस' असेल तर तोही शब्द, काहीही न गाळता. पत्त्याचेही तसेच करावे. प्रमाणपत्रावर इमारतीचे नाव आधी आणि रस्ता नंतर असेल, तर प्रोफाइलमध्येही तोच क्रम ठेवावा. कागद खरा आहे म्हणून तपासणारा समजून घेईल, असे आपल्याला वाटते. पण त्याच्यासमोर आपली बाजू मांडायला आपण हजर नसतो, त्याच्यासमोर असतात ती फक्त अक्षरे.

मधल्या नावाची मला तितकी काळजी वाटत नाही. नाव आणि आडनाव दोन्हीकडे एकाच रोमन स्पेलिंगमध्ये असेल, तर केवळ मधले नाव गाळल्यामुळे अर्ज परत येण्याचा संभव कमी असतो. स्पेलिंगच वेगळे असेल, म्हणजे एका कागदावर दोन 'ए' आणि दुसऱ्यावर एकच, तर ते अधिक त्रासाचे. ज्यांची मूळ लिपी रोमन नाही, त्या सगळ्यांपुढे ही अडचण येते. त्यावर टिकाऊ उपाय म्हणजे दोन्हींपैकी जो कागद दुरुस्त करणे सोपे असेल तो दुरुस्त करून घेणे. तोवर अर्जात ओळखपत्रावरचे स्पेलिंगच वापरावे.

ब्रँडच्या नावासाठी वेगळ्या कागदाच्या मागे लागू नका. संकेतस्थळाच्या तळाशी आणि 'आमच्याविषयी' या पानावर 'हा ब्रँड अमुक व्यवसायाचा आहे' असे एक स्पष्ट वाक्य, नोंदणीकृत नावासह, आजच लिहून ठेवा. ब्रँड आणि व्यवसाय यांचा संबंध काय, असा प्रश्न पुढे विचारला गेला तर ते पान दाखवता येते आणि ग्राहकालाही आपण कोणाकडून खरेदी करत आहोत हे कळते.

साक्षेपी

सार्वजनिक काय होते, या प्रश्नाचे उत्तर देतो, कारण त्याविषयी विनाकारण भीती पसरलेली दिसते.

या सगळ्याची सुरुवात राजकीय जाहिरातींपासून झाली. 2018 मध्ये गुगल आणि फेसबुक या दोघांनीही निवडणुकीच्या जाहिराती देणाऱ्यांची ओळख तपासायला सुरुवात केली. 2020 च्या एप्रिलमध्ये गुगलने हीच अट टप्प्याटप्प्याने सर्व जाहिरातदारांना लावण्याचे जाहीर केले. निवड झालेल्या जाहिरातदाराला कागदपत्रे देण्यासाठी तेव्हा 30 दिवस दिले जात आणि तेवढ्यात ती आली नाहीत तर जाहिराती थांबत. 2023 च्या मार्चमध्ये गुगलने जाहिरातींचे सार्वजनिक पारदर्शकता केंद्र सुरू केले, जिथे पडताळणी झालेल्या जाहिरातदाराच्या जाहिराती कोणालाही शोधून पाहता येतात. युरोपीय संघाच्या डिजिटल सेवा कायद्याने तर हे बंधनच घातले. त्याच्या 26 व्या कलमानुसार जाहिरात कोणाच्या वतीने दाखवली जात आहे आणि पैसे भरणारा वेगळा असेल तर तो कोण, हे पाहणाऱ्याला कळले पाहिजे. महिन्याला सरासरी साडेचार कोटी किंवा त्याहून अधिक युरोपीय वापरकर्ते असलेल्या आणि 'अतिविशाल' म्हणून घोषित झालेल्या प्लॅटफॉर्मना 39 व्या कलमानुसार जाहिरातींचे सार्वजनिक भांडार ठेवावे लागते आणि जाहिरात शेवटची दाखवल्यापासून एक वर्षपर्यंत ती नोंद तिथे राहते.

यातून व्यवहारात निघणारी गोष्ट अशी की कागदाची प्रत आणि कागदावरून प्रसिद्ध होणारी माहिती या दोन वेगळ्या बाबी आहेत. ओळखपत्राची प्रतिमा सार्वजनिक होत नाही. साधारण व्यापारी जाहिरातीसोबत पडताळलेले नाव आणि देश एवढेच सहसा दिसते. राजकीय आणि सामाजिक विषयांच्या जाहिरातींचे नियम अधिक कडक असतात; तिथे संपर्काची माहितीही दाखवावी लागू शकते, परंतु शिक्षणसाहित्याच्या विक्रीचा त्याच्याशी संबंध नाही. तरीही, अर्जाच्या पानावर 'ही माहिती सार्वजनिक केली जाऊ शकते' अशा अर्थाचा मजकूर ज्या रकान्यांजवळ असतो, ते रकाने नीट वाचून घ्यावेत. घरचा पत्ता कुठेही उघड होऊ नये असे वाटत असेल, तर व्यवसायाच्या नोंदणीतच वेगळा कार्यालयीन पत्ता करून घेणे, हाच सरळ मार्ग आहे. अर्जात एक पत्ता आणि प्रमाणपत्रावर दुसरा, असे केले तर तुम्ही आज ज्या अडचणीत आहात तीच पुन्हा उभी राहील.

माझे वैयक्तिक मत सांगतो. खोट्या नावाने जाहिराती देऊन लोकांना फसवणारे इतके झाले आहेत की प्रामाणिक जाहिरातदाराने आपले नाव पुढे ठेवणे हे त्याच्याच हिताचे आहे. पण त्याबरोबर प्लॅटफॉर्मनेही नाकारण्याचे कारण नेमके सांगायला हवे. 'नाव जुळत नाही' एवढेच सांगून एखाद्या छोट्या व्यवसायाच्या जाहिराती थांबवणे हे मला अन्यायाचे वाटते.

कुलूपकिल्ली

एजन्सीला ईमेलने कागदपत्रे पाठवू नयेत, असे माझे स्पष्ट मत आहे. एजन्सी प्रामाणिक असली तरीही. ईमेलला जोडलेली ओळखपत्राची प्रत पाठवणाऱ्याच्या खात्यात, घेणाऱ्याच्या खात्यात, त्यांच्या सहकाऱ्यांना पुढे पाठवलेल्या ईमेलमध्ये आणि कुणाच्या तरी लॅपटॉपच्या डाउनलोड फोल्डरमध्ये राहते. उद्या त्या एजन्सीतला माणूस नोकरी सोडून गेला तरी ती तिथेच असते. ज्या खात्याची पडताळणी करायची आहे, त्याचे ॲडमिन अधिकार तुमच्या स्वतःच्या लॉगिनला घ्या, त्यावर दोन टप्प्यांची सुरक्षा चालू करा आणि प्रती स्वतः अपलोड करा. एजन्सीला शेजारी बसवून, किंवा स्क्रीन दाखवून, मार्गदर्शन घ्यायला हरकत नाही. जाहिरातीचे पैसे जर एजन्सी स्वतःच्या प्रोफाइलमधून भरत असेल, तर मात्र तिचीही वेगळी पडताळणी लागते आणि पैसे भरणारा म्हणून तिचे नाव दिसू शकते, एवढे आधी विचारून घ्या.

या निमित्ताने आणखी एक धोका सांगणे आवश्यक वाटते. पडताळणीच्या सूचना येऊ लागल्यापासून त्याच नावाने खोटे ईमेलही येतात : मुदत संपत आहे, खाते बंद होईल, इथे कागदपत्रे द्या. 2025 च्या जानेवारीत सुरक्षा संशोधकांनी दाखवून दिले की गुगल ॲड्सच्या नावाने खोट्या जाहिराती थेट शोधनिकालांत दिल्या जात होत्या आणि त्यांवरून जाणारा माणूस हुबेहूब दिसणाऱ्या खोट्या लॉगिन पानावर पोहोचत होता. म्हणून ईमेलमधल्या दुव्यावर किंवा शोधनिकालांतल्या जाहिरातीवर बोट ठेवू नका. पत्ता स्वतः टाइप करून खात्यात जा. सूचना खरी असेल तर ती खात्याच्या आतही दिसतेच.

क्रमांक झाकण्याविषयी : तुमची सावधगिरी मला पटते, तरी सूचनापत्रात स्पष्ट परवानगी नसेल तर झाकू नका. काळी पट्टी मारलेला किंवा आडवी अक्षरे उमटवलेला कागद 'फेरफार केलेला' म्हणून परत येऊ शकतो आणि एकदा तसा शेरा बसला की पुढच्या अर्जाकडेही अधिक संशयाने पाहिले जाण्याची भीती असते. त्यापेक्षा कागदाची निवड शहाणपणाने करावी. स्वीकारल्या जाणाऱ्या कागदपत्रांची यादी बहुतेक वेळा बरीच लांब असते. त्यांतून ज्यावर तुमची अनावश्यक माहिती कमीत कमी आहे तोच कागद द्यावा. पत्त्यासाठी बँकेचे खातेपत्रक चालत असेल आणि नोंदणी प्रमाणपत्रही चालत असेल, तर सगळे व्यवहार उघडे करणारे खातेपत्रक देण्याचे काहीच कारण नाही.

पाटीपेन्सिल

आपण सर्वांनी इतक्या आस्थेने लिहिले, त्याबद्दल मनापासून आभार. प्रोफाइलमधले नाव प्रमाणपत्राप्रमाणे करून घेण्याचे आणि ॲडमिन अधिकार स्वतःकडे घेण्याचे काम मी लगेच हाती घेत आहे. दोन शंका उरल्या. नोंदणी प्रमाणपत्र मला पीडीएफ स्वरूपात मिळाले होते, पण एजन्सीने त्याची छापील प्रत काढून ती स्कॅन करून पाठवायला सांगितले होते. यातले कोणते चांगले? आणि ओळखपत्र म्हणून पासपोर्ट द्यावा का? मी मोबाइलने काढलेल्या फोटोत पानाच्या खालच्या कडेला किंचित चकाकी आली आहे, अर्थात माझे नाव आणि छायाचित्र स्वच्छ दिसते.

बारकावे

पीडीएफ जशी मिळाली तशीच द्यावी. त्यावर डिजिटल सही असेल तर ती फाइलच्या आत असते. छापून पुन्हा स्कॅन केले की उरते ते केवळ सहीचे चित्र, आणि ते तपासून पाहण्याचा काही मार्ग राहत नाही. फाइलला पासवर्ड असेल तर मात्र ती तपासणाऱ्याला उघडता येणार नाही, तेव्हा तीच फाइल पासवर्डविना पुन्हा डाउनलोड करता येते का ते संबंधित कार्यालयाच्या संकेतस्थळावर पाहावे.

पासपोर्टचा फोटो पुन्हा काढा. चकाकी ज्या खालच्या कडेवर आली आहे, तिथेच यंत्राला सर्वांत जास्त रस असतो. माहितीच्या पानाच्या तळाशी मोठ्या अक्षरांच्या ज्या दोन ओळी असतात, त्या आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेने ठरवलेल्या नमुन्याच्या असून प्रत्येक ओळीत बरोबर 44 अक्षरे असतात; रिकाम्या जागा बाणाच्या टोकासारख्या चिन्हाने भरलेल्या असतात. दुसऱ्या ओळीत पासपोर्टचा क्रमांक, जन्मतारीख आणि मुदत संपण्याची तारीख असते आणि या प्रत्येकाच्या मागे एक ताळ्याचा अंक असतो. तो काढण्यासाठी प्रत्येक अक्षराच्या किमतीला क्रमाने 7, 3 आणि 1 ने गुणून बेरीज करतात आणि त्या बेरजेला 10 ने भागून बाकी घेतात. एक जरी अक्षर चकाकीखाली गेले आणि यंत्राने ते चुकीचे वाचले, तरी हा ताळा बहुधा बसत नाही आणि माणसाला सारे स्वच्छ दिसत असूनही प्रत 'अस्पष्ट' ठरते. उलट पहिल्या ओळीतल्या नावाला असा ताळा नसतो आणि त्यासाठी 39 अक्षरांचीच जागा असते, म्हणून फार लांब नाव तिथे कापले जाते. तुमचे पूर्ण नाव लांब असेल तर खालच्या ओळीतले नाव वरच्या नावाशी पडताळून पाहा. तिथे ते तुटलेले असल्यास दुसरे एखादे स्वीकारले जाणारे ओळखपत्र देणे अधिक सोयीचे पडेल.

फोटो काढताना फ्लॅश बंद ठेवावा, खिडकीतून येणाऱ्या उजेडात पान सपाट ठेवावे आणि चारही कोपरे चौकटीत येतील एवढे अंतर राखावे. कडा कापणारे किंवा रंग 'सुधारणारे' ॲप वापरू नये. मूळ फोटो तसाच द्यावा. मुदत संपलेले ओळखपत्र कितीही स्वच्छ दिसले तरी उपयोगाचे नाही.

पाटीपेन्सिल

खालच्या ओळीतले नाव पूर्ण आहे, आताच पाहिले. फोटो नव्याने काढते. मात्र एक नवी अडचण : पेमेंट प्रोफाइल उघडल्यावर कळले की ते 'व्यक्ती' या प्रकारात काढलेले आहे आणि तो प्रकार बदलण्याची सोयच तिथे दिसत नाही. केवळ नाव बदलता येते.

कागदकाम

मग खरे कारण तिथेच असण्याची दाट शक्यता आहे. प्रोफाइल व्यक्तीचे, नाव व्यवसायाचे आणि अर्ज संस्थेचा, असा तो गुंता झालेला आहे. काही प्लॅटफॉर्मवर प्रोफाइलचा प्रकार एकदा निवडला की बदलता येत नाही. अशा वेळी संस्था या प्रकारात नवे पेमेंट प्रोफाइल काढावे, त्यात प्रमाणपत्राप्रमाणे नाव व पत्ता भरावा आणि जाहिरात खाते त्या नव्या प्रोफाइलला जोडून घ्यावे. नवे जाहिरात खाते मात्र उघडू नका. पडताळणी अपुरी असताना दुसरे खाते काढणे हे नियम चुकवण्याचा प्रयत्न म्हणून पाहिले जाऊ शकते आणि मग दोन्ही खाती बंद होण्याची वेळ येते. जोडणी बदलण्यापूर्वी जुन्या प्रोफाइलवरील देणे पूर्ण भागवून टाका आणि आधीची सर्व बिले उतरवून घ्या, कारण नंतर ती शोधणे अवघड जाते.

हे सर्व झाल्यावर अर्ज भरताना पैसे कोण भरते, जाहिरात कोणाच्या वस्तूंची आहे आणि एजन्सीचा संबंध काय, अशी प्रश्नावली समोर येऊ शकते. काही वेळा व्यवसायाचे स्वरूप समजून घेण्यासाठी अशी चौकशी स्वतंत्रपणेही होते आणि ती चालू असताना जाहिराती थांबवल्या जाऊ शकतात, म्हणून विक्रीच्या ऐन हंगामाआधी हे काम उरकून घेतलेले बरे. उत्तरे द्यायची ती आहे तशीच द्यावीत : वस्तू मी तयार करते, विक्री माझ्या संकेतस्थळावरून होते, एजन्सी केवळ जाहिराती लावते. तुम्ही भरलेल्या प्रत्येक पानाचा स्क्रीनशॉट तारखेसह जपून ठेवा; पुन्हा नकार आला आणि फेरविचारासाठी अर्ज करावा लागला, तर कोणत्या रकान्यात काय लिहिले होते हे तुमच्याकडे लेखी असेल. पडताळणी झाल्यानंतर व्यवसायाचे नाव किंवा मालकी बदलली तर ती नव्याने करावी लागते, तेव्हा नोंदणीत पत्ता किंवा नाव बदलून घ्यायचे मनात असेल, तर ते या अर्जाच्या आधीच उरकून घ्या.